पार्किंगमधला हिरवा थेंब

(नाशिकमध्ये तरुणांच्या रविवारच्या बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिलाय ‘आपली गाडी आपणच कशी सांभाळावी’. आधीच सांगून टाकतो, मी मेकॅनिक नाही. सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो, दिवसभर स्क्रीनसमोर बसतो. मेकॅनिक माझे मामू आहेत. जुन्या नाशकात त्यांचं गॅरेज आहे, दोन गाड्या आत आणि तीन रस्त्यावर, एवढंच. इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या तरी नात्यात कुणी गॅरेजवाला, पंक्चरवाला, वायरमन किंवा डेंटिंग-पेंटिंगवाला असेल. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालातही मोटार दुरुस्तीच्या कामात मुस्लिमांचा वाटा मोठा असल्याची नोंद आहे. तेव्हा हे भाषण खरं तर मामूंनी करायला हवं होतं. मी विचारलंही. ते म्हणाले, “माइक पकडून कोण बोलणार? तू जा. चूक तर तूच केली होतीस.”

तर त्या चुकीपासूनच सुरुवात करतो.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी नुकतीच सेकंडहँड गाडी घेतली होती, पेट्रोलची. मे महिना होता. अम्मीच्या डोळ्यांची तपासणी करून आम्ही मुंबईहून परत येत होतो. मागे अम्मी, पुढे मी, एसी फुल. कसारा घाट चढायला लागलो आणि टेंपरेचरचा काटा मधली रेघ सोडून वर सरकायला लागला. मला दिसला. दिसला नाही असं म्हणणार नाही. मी म्हटलं, घाट संपला की इगतपुरीला थांबू, चहा घेऊ, तोवर गाडी गार होईल. पुढे ट्रकची रांग, आम्ही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये. मग लाल दिवा लागला. तरीही मी चालवत राहिलो, कारण वळणावर थांबायला जागा नाही असं मी स्वतःला सांगत होतो. जागा होती. दोनदा होती.

शेवटी बोनेटमधून वाफ आली आणि गाडी आपोआप बंद पडली. मी उतरलो, बोनेट उघडलं, खिशातला रुमाल काढला आणि रेडिएटरच्या झाकणाला हात घातला. तेवढ्यात मागे थांबलेल्या ट्रकचा क्लीनर, अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा असेल, ओरडला, “ओ साहेब, हात काढा! तोंड भाजेल!” त्याने मला अक्षरशः मागे ओढलं.

आता हे का, ते नीट समजून घ्या. पाणी 100 अंशाला उकळतं, हे आपण शाळेत शिकलो. पण ते मोकळ्या भांड्यात. गाडीच्या रेडिएटरचं झाकण कुकरच्या शिट्टीसारखं काम करतं. आतलं पाणी दाबाखाली असतं, म्हणून 110-115 अंशाला जाऊनही ते उकळत नाही. तुम्ही झाकण उघडलं की दाब एका क्षणात जातो आणि ते सगळं पाणी एकदम उकळून बाहेर फेकलं जातं, तुमच्या चेहऱ्यावर. पहिल्या वर्षाला आम्हा सगळ्यांनाच, कॉम्प्युटरवाल्यांनाही, बेसिक मेकॅनिकल हा विषय होता. पेपर मी चांगल्या मार्कांनी पास झालो होतो. दाब आणि उत्कलनबिंदूचा आलेख काढून दाखवला असता. पण घाटात तो आलेख मला आठवला नाही, आणि त्या पोराला त्याच्या उस्तादाने सांगितलेलं आठवलं.

गाडी टो करून मामूंच्या गॅरेजला आणली. त्यांनी हेड उघडलं. ॲल्युमिनियमचं हेड उष्णतेने वाकलं होतं, हेड पॅकिंग गेलं होतं, इंजिन ऑइलमध्ये पाणी मिसळलं होतं. डिपस्टिक काढली तर तिला दुधाच्या कॉफीसारखा रंग. मामूंनी मजुरी घेतली नाही, तरी हेडचं मशीनिंग, पॅकिंग, ऑइल, सगळं मिळून माझा त्या वेळचा जवळजवळ महिन्याचा पगार गेला. आणि कारण काय निघालं? रेडिएटरच्या खालच्या पाइपची क्लिप सैल झाली होती. तीस रुपयांची क्लिप. तिथून कुलंट थेंब-थेंब गळत होतं.

मामूंनी मला एकच प्रश्न विचारला, “पार्किंगमध्ये खाली काही सांडलेलं दिसत नव्हतं?”

दिसत होतं. महिनाभर रोज सकाळी हिरवट थेंब दिसत होते. सोसायटीच्या वॉचमनने तक्रार केली होती म्हणून मी एकदा बादलीभर पाणी टाकून ते धुऊनही काढले होते. ऑफिसमध्ये सर्व्हरच्या लॉगमध्ये एक ओळ वेगळी दिसली तर मी रात्रभर झोपत नाही. इथे गाडी महिनाभर लॉग लिहीत होती आणि मी फरशी धूत होतो.

आज जे सांगायचंय ते एवढ्याशीच जोडलेलं आहे. गाडी एकदम बंद पडते असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा ती आधी सांगत असते. ऐकायला डिग्री लागत नाही. महिन्यातून दहा-पंधरा मिनिटं आणि हात काळे करायची तयारी लागते.

आधी खाली वाकून बघा. गाडी रात्रभर जिथे उभी होती तिथे एक जुना पुठ्ठा टाकून ठेवा. एसी चालू असताना स्वच्छ पाणी गळतं, ते ठीक आहे, त्याची काळजी नको. हिरवं, गुलाबी किंवा निळसर, चिकट, जरा गोडसर वासाचं असेल तर कुलंट. काळं-तपकिरी, तेलकट असेल तर इंजिन ऑइल. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, निसरडं काही दिसलं तर ते ब्रेक ऑइल असू शकतं, आणि मग गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, गॅरेजवाल्याला बोलवा.

मग बोनेट. इंजिन थंड असताना, सपाट जागेवर. डिपस्टिक काढा, पुसा, परत घाला, काढा. दोन खुणांच्या मध्ये तेल हवं. कमी असेल तर कंपनीने पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच थोडं-थोडं घाला. जास्तही भरू नका, जास्त तेलानेही नुकसान होतं. डिझेलच्या गाडीत ऑइल लवकर काळं होतं, त्याने घाबरू नका. कुलंटची पारदर्शक टाकी असते, तिच्यावर ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ लिहिलेलं असतं. तिथे बोअरचं पाणी घालू नका. क्षार साचून रेडिएटर आतून चोंदतो. कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं, किंवा तयार मिश्रण मिळतं ते. आणि एकदा भरलं, महिन्याने परत कमी झालं, तर परत भरून गप्प बसू नका. ते कुठेतरी जातंय. ब्रेक ऑइलचंही तसंच. पातळी खाली गेली म्हणजे एक तर ब्रेक पॅड झिजलेत किंवा गळती आहे. वरून भरलं की फक्त दिवा विझतो.

रेडिएटरचा पंखा चालतो का, हे बघणं सगळ्यात सोपं. गाडी उभी, इंजिन चालू, एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात पुढून पंख्याचा आवाज आला पाहिजे. हायवेवर समोरून वारा येतो, पंखा बंद असला तरी कळत नाही. घाटात किंवा द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये मात्र इंजिनाला वारा देणारा तोच एक असतो.

आणि तरीही काटा वर गेलाच तर? एसी बंद करा. काच खाली करा, हीटर फुल गरम करून पंखा पूर्ण वेगाने सोडा. मे महिन्यात नको वाटेल, पण इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते. सुरक्षित जागा दिसली की लगेच थांबा, इंजिन बंद करा, पाऊण तास जाऊ द्या. नव्या बऱ्याच गाड्यांत काटा नसतोच. निळा दिवा म्हणजे इंजिन थंड, लाल म्हणजे हद्दीबाहेर गरम. डॅशबोर्डवरचा कुठलाही दिवा लक्षात ठेवायला मामूंचा एक नियम आहे, ते त्यांच्या दखनीत सांगतात: “पिवळी जली तो गॅरेज, लाल जली तो गाडी खडी.” ऑइलच्या कॅनचं लाल चित्र लागलं तर इंजिनात तेलाचा दाब नाही. तिथे अर्धा किलोमीटरही महाग पडू शकतो.

घाट उतरताना प्रकरण उलटं आहे. तिथे इंजिन नाही, ब्रेक तापतात. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडणारे मी बघितलेत, आमच्या कॉलेजच्या ग्रुपमध्येही होते. सतत ब्रेक दाबून ठेवला की पॅड इतके तापतात की पाय पूर्ण खाली जातो आणि गाडी थांबत नाही. छोट्या गिअरमध्ये उतरा, इंजिनच गाडी धरून ठेवतं.

आता सकाळची नेहमीची तक्रार, ‘गाडी सुरूच होत नाही’. हे वाक्य घेऊन गॅरेजला गेलात तर समोरचा काय समजणार? मला कुणी नुसतं “ॲप चालत नाही” म्हणून फोन केला की माझंही डोकं फिरतं. काय होतंय ते बघा. सेल्फ मारल्यावर नुसतं टक-टक-टक वाजतं आणि हेडलाइट मंद होतो? बॅटरी उतरलीय, किंवा तिच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड चढलीय. हेडलाइट लख्ख आहे पण सेल्फ अजिबात फिरत नाही? मग सेल्फ मोटर, तिचं कनेक्शन किंवा क्लच पूर्ण दाबलेला नाही, असं काहीतरी. सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही? तिथे पेट्रोल, स्पार्क किंवा चावीचा सेन्सर. बघा, एक मिनिटात तुम्ही तीन वेगळे रस्ते वेगळे केलेत.

दोन-तीनशे रुपयांचा मल्टिमीटर घेऊन ठेवा. गाडी रात्रभर बंद असताना बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. 12.2 च्या जवळ असेल तर अर्ध्यावर आलीय. इंजिन सुरू केल्यावर साधारण 13.8 ते 14.4 दिसायला हवं. तेवढं दिसत नसेल तर अल्टरनेटर चार्ज करत नाहीये, नवी बॅटरी टाकून उपयोग नाही, तीही उतरेल. काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे आकडा थोडा हलेल. टर्मिनल साफ करायचं असेल तर काळी वायर आधी काढायची आणि शेवटी लावायची. गरम पाण्यात खायचा सोडा टाकून जुन्या टूथब्रशने घासा, पुसून कोरडं करा. आमच्या घरी हे काम आता माझी आठवीतली भाची करते.

भाचीवरून आठवलं. तिची आई, म्हणजे माझी आपा, शाळेत शिकवते आणि गाडी माझ्यापेक्षा चांगली चालवते. पण गाडीचं काही झालं की “भाईला बोलव” किंवा “दूल्हाभाईंना सांग”. मामूंच्या गॅरेजमध्ये आमच्या घरातली कुठलीही बाई कधी पाच मिनिटं उभी राहिली नव्हती. बाहेरून डबा द्यायचा आणि निघायचं. कसाऱ्याच्या प्रकारानंतर आपा म्हणाली, “तू इंजिनिअर असून तुला येत नाही, मला येत नाही, मग फरक काय? मामू, दोघांना शिकवा.” मामू आधी हसले, मग म्हणाले, रविवारी या, आणि चांगले कपडे घालून येऊ नका.

मागच्या वर्षी पिंपळगाव बसवंतच्या पुढे, आग्रा रोडवर, तिच्या गाडीचं मागचं चाक पंक्चर झालं. बरोबर दोन मुलं होती. तिने गाडी रस्त्याच्या पूर्ण कडेला सपाट जागेवर घेतली, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, मुलांना गाडीतून उतरवून रस्त्यापासून लांब उभं केलं, मागे त्रिकोण ठेवला, तिरकस समोरच्या चाकाला दगड लावला. नट गाडी जमिनीवर असतानाच सैल केले. इथे बहुतेक लोक चुकतात. आधी जॅक लावतात, मग नट सोडवताना चाक फिरतं आणि जॅकवरची गाडी हलते. हाताने पाना फिरला नाही तेव्हा ती सरळ पान्यावर पाय देऊन उभी राहिली. जॅक पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावला, स्टेपनी चढवली, नट एकाआड एक असे समोरासमोरचे आवळले, गाडी खाली घेऊन परत आवळले. तोवर दोघे बाइकवाले थांबले होते, “ताई, राहू द्या, आम्ही करतो.” ती म्हणाली, “झालं, फक्त हात धुवायला पाणी असेल तर द्या.” घरी आल्यावर तिने नट परत एकदा तपासले, तेही मामूंनीच सांगितलेलं.

पण स्टेपनीत हवा होती म्हणून हे झालं. तुमच्यातल्या किती जणांनी स्टेपनीची हवा गेल्या सहा महिन्यांत बघितलीय? हात वर करा. (चार-पाच हात वर होतात.) बरं.

टायरचं थोडं सविस्तर सांगतो, कारण आता आपल्या दारातून समृद्धी महामार्ग जातो. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर-शिर्डी सुरू झाला, 5 जून 2025 ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा, आणि 701 किलोमीटर पूर्ण झाले. सलग काँक्रीट, सिग्नल नाही, थांबायचं कारण नाही. जो टायर आपल्याला सिडको ते सीबीएस रोज नेतो, तोच तिथे तास-तासभर एका वेगाने फिरतो. हवा कमी असेल तर टायरची भिंत प्रत्येक फेऱ्याला दबते आणि सुटते. एका तारेला दहा वेळा वाकवा, हाताला चटका लागतो ना? तसंच. आत उष्णता साठत जाते आणि टायर फुटतो. म्हणून ‘लांब जायचंय, हवा जरा कमी ठेवा’ हा सल्ला ऐकू नका. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर स्टिकर असतो, किती माणसं-सामानाला किती हवा ते लिहिलेलं असतं. सकाळी टायर थंड असताना तेवढी भरा.

टायरच्या भिंतीवर चार आकडे असतात, 2321 असेल तर 2021 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. सेकंडहँड गाडी घेताना पॉलिश केलेल्या टायरला भुलू नका, हे आकडे वाचा. खाचांच्या मध्ये छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं म्हणजे खाच 1.6 मिलिमीटर उरली, टायर बदलायची वेळ झाली. मधेच झिजला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना झिजला तर हवा कमी, एकाच कडेला झिजला तर अलाइनमेंट. भिंतीला फुगा आला असेल तर त्या टायरवर समृद्धीला जाऊच नका.

माझ्या स्वतःच्या क्षेत्राजवळचा भाग आता. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा एक सॉकेट असतो, ओबीडी म्हणतात. हजार-दीड हजाराच्या आत ब्लूटूथचा रीडर मिळतो, फोनवर गाडीच्या संगणकातले कोड दिसतात. मला वाटलं, आता मामूंची गरज नाही! पिवळा इंजिनाचा दिवा लागला, मी कोड वाचला, पी0171, म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. मी व्हिडिओ बघून ऑक्सिजन सेन्सर मागवला, बसवला, दिवा घालवला. तीन दिवसांनी परत लागला. मामूंनी इंजिन चालू ठेवलं, कान लावला आणि एका बारीक रबरी नळीवर बोट ठेवलं. इंजिनाचा आवाज बदलला. नळीला चीर होती, तिथून हवा आत ओढली जात होती. सेन्सर खरं तेच सांगत होता आणि मी खरं बोलणाऱ्यालाच काढून टाकलं होतं. कोड म्हणजे एरर मेसेज. कुठून बघायला सुरुवात करायची ते कळतं, कुठे चुकलंय ते शोधावं लागतं. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन भाग एकदम बदललेत आणि गाडी नीट झाली तर कशामुळे झाली ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

पावसाळ्याचं एकच सांगतो. पाण्यात गाडी बंद पडली तर परत सेल्फ मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकलून बाहेर काढा.

आणि काही गोष्टींना घरी हात लावायचा नाही. ब्रेक उघडणं, स्टिअरिंग, एअरबॅग, एसीचा गॅस, सीएनजीची लाइन. सीएनजी असेल तर सिलिंडरची चाचणी दर तीन वर्षांनी करून घ्या, ती तारीख मोबाइलमध्ये टाकून ठेवा. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबलला स्पर्शही नको. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही, कुणीही जायचं नाही. मामूंच्या डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. ते तेरा वर्षांचे असताना त्यांच्या उस्तादाकडे स्टँड नव्हते.

कॉलेजमध्ये असताना मित्र विचारायचे, मामू काय करतात? मी सांगायचो, “ऑटोमोबाइल लाइनमध्ये आहेत.” आपल्या नाशकात ते खपून जायचं. सातपूरला बॉशचा कारखाना आहे, जुनी माणसं अजून त्याला मायको म्हणतात, महिंद्राचा कारखाना आहे, लोकांना वाटायचं तिथे असतील. मी कधी दुरुस्त केलं नाही. मामूंना हे माहीत होतं, हे मला त्या रविवारच्या शिकवण्यांत कळलं. माझ्या एका मित्राच्या वडिलांची बोलेरो त्यांच्याकडे यायची. ते त्याबद्दल काही बोलले नाहीत. मला पाना देत म्हणाले, “दहा नंबर. याच्यानेच क्लिप आवळायची, विसरू नको.”

गॅरेजवाला फसवतो, ही तक्रार मी खूप ऐकतो. काही फसवतातही. पण जो माणूस नुसती चावी टेबलावर टाकतो आणि “बघा काय ते” म्हणून निघून जातो, त्याच्याशी कुणी काय बोलणार? थंड असताना होतं की गरम झाल्यावर, कुठल्या वेगाला, ब्रेक दाबल्यावर की वळताना, हे सांगा. जुना भाग दाखवा म्हणा. कसं ओळखलंत ते विचारा. चांगल्या कारागिराला हे विचारलेलं आवडतं, मामू तर चहा मागवतात.

बस, बोलणं पुरे. खाली गेटजवळ माझी गाडी उभी आहे, मी येताना बोनेट उघडूनच ठेवलंय, आतापर्यंत इंजिन गार झालं असेल. पुसायला जुनी बनियन आणलीय. मागच्या रांगेतल्या तुम्ही दोघी आधी या, डिपस्टिक तुम्ही काढा.